रुमालावरचे नाव आणि आतली लिपी

पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला तेथील परिभाषेत रुमाल म्हणतात. रुमालाला नाव असते, क्रमांक असतो; परंतु ज्याने म्हणून जुने कागद हाताळले आहेत त्याला ठाऊक असते की, बाहेरचे नाव हा नुसता अंदाज. आत काय आहे ते गाठ सोडल्यावाचून कळावयाचे नाही. बरे, गाठ सोडली आणि कागद हाती आला, म्हणून तरी काय झाले? तो बाळबोधीत आहे, मोडीत आहे की फारसीत आहे, हे आधी ओळखावे लागते आणि मग ती लिपी वाचणारा माणूस शोधीत हिंडावे लागते. नाव निराळे, गाठोडे निराळे आणि लिपी निराळी.

ऐन दिवाळीत, करंजीचा तुकडा तोंडात असताना, हे दप्तर कशाला सोडले, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, आज घरोघर असा एकेक दप्तरखाना तयार झालेला आहे. कपाटातल्या लग्नाच्या सीडी, जुन्या मोबाइलमधली नखाएवढी कार्डे, मुलाच्या संगणकात कोठेतरी पडलेल्या मुंजीच्या अन् गॅदरिंगच्या फायली, आणि त्यांत आता या जगात नसलेल्या माणसांचे आवाज. दहा-पंधरा वर्षांनी कोणी त्या उघडू जावे, तर आवाज येतो पण पडदा काळा. किंवा माणसे हलतात पण सगळी मुकी. घरातला शहाणा मुलगा 'फाइल खराब झाली' असा निकाल देऊन मोकळा होतो. पुष्कळदा ती मुळीच खराब झालेली नसते. तिची लिपी कोणी ओळखलेली नसते, इतकेच. या लिपीला इंग्रजीत कोडेक म्हणतात. 'कोडर' आणि 'डिकोडर' या दोन शब्दांची तोंडे एकमेकांस जोडून हा शब्द बनविला आहे. लिहिणारा आणि वाचणारा, दोघेही त्यात आले.

मुळात ही लिपी लागलीच कशाला? चित्र जसेच्या तसे का साठवू नये? जरा हिशेब मांडून पाहा. दूरदर्शनच्या एका चित्रात ७२० उभ्या आणि ५७६ आडव्या ओळींचे ठिपके धरले, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट दिले आणि सेकंदाला २५ चित्रे मोजली, तर एका सेकंदाला २ कोटी ७ लाख बाइट होतात. सीडीवर मावतात सुमारे ७३ कोटी. म्हणजे मंगलाष्टके सुरू होऊन जेमतेम पस्तीस सेकंद झाले की सीडी संपली! अक्षता पडावयाच्या राहिल्या त्या राहिल्याच. तेव्हा चित्र लहान करून लिहिण्याची युक्ती हवी होती, आणि त्या युक्तीच्या मुळाशी आपल्याच देशात जन्मलेला एक माणूस आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. इंजिनिअर होऊन ते अमेरिकेस गेले, न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉक्टर झाले आणि पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. कोसाइन या गणिती लहरींच्या साहाय्याने चित्रातील आकडे आटविता येतील, अशी कल्पना त्यांना सुचली. दहावीच्या परीक्षेपुरता मला भेटलेला आणि परीक्षेनंतर मी आनंदाने विसरलेला तोच हा कोसाइन. १९७२ साली या कामासाठी त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले. मागणी नामंजूर झाली. कल्पना फारच साधी आहे, असे एका परीक्षकाचे मत पडले म्हणे. अहमदांनी तरीही काम सोडले नाही. टी. नटराजन हा त्यांचा विद्यार्थी आणि के. आर. राव हे टेक्सासमधील सहकारी यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये तो निबंध छापला. पाने थोडी, पण पुढच्या पन्नास वर्षांतील बहुतेक साऱ्या चित्रलिप्या त्या पानांवर उभ्या आहेत.

युक्ती खरोखरच साधी आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे. प्रत्येकात ६४ आकडे आले. आता ते आकडे तसेच न लिहिता, 'या चौकोनात सरासरी उजेड किती, डावीकडून उजवीकडे तो हळूहळू किती बदलतो, झपाट्याने किती बदलतो' असे ६४ नवे आकडे काढावयाचे. गंमत अशी की, आकाश, भिंत, शालूचा पदर अशा ठिकाणी यांतले पहिले थोडे आकडे मोठे निघतात आणि बाकीचे शून्याच्या आसपास घुटमळतात. बारीक फरक डोळ्याला दिसतही नाहीत; ते टाकून द्यावे. शिवाय मागच्या चित्रात जे होते ते या चित्रात पुन्हा लिहू नये, 'तेच, पण दोन ठिपके उजवीकडे सरकलेले' एवढेच लिहावे. आवाजासाठीही याच कोसाइनाची एक सुधारलेली आवृत्ती १९८७ च्या सुमारास निघाली आणि एमपी३ मध्ये तिचा उपयोग झाला.

परंतु युक्ती एक असली तरी लिप्या अनेक झाल्या. कोणते आकडे टाकावे, उरलेले कसे बांधावे, याविषयी प्रत्येक कंपनीचे, प्रत्येक समितीचे मत निराळे. महानुभावांच्या सांकेतिक लिप्या आठवाव्यात! आणि मग प्रश्न उभा राहिला की, समोर आलेली फाइल कोणत्या लिपीत आहे हे ओळखावे कसे?

याचे एक चांगले उत्तर १९८५ च्या जानेवारीत निघाले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या खेळ बनविणाऱ्या कंपनीत जेरी मॉरिसन नावाचा गृहस्थ होता. एका कार्यक्रमात काढलेले चित्र दुसऱ्यात उघडावे, एवढी साधी त्याची गरज. त्याने नियम घातला की, फाइल ही गाठोड्यांची मांडणी समजावी आणि प्रत्येक गाठोड्याच्या तोंडाशी चार अक्षरे लिहावीत. त्यानंतर गाठोडे किती लांब आहे तो आकडा. चार अक्षरांची ही कल्पना ॲपलच्या मॅकिन्टॉशवरून घेतलेली. पण गाठोड्यावर लांबी लिहिण्यात खरे शहाणपण होते. ज्याला आतला मजकूर कळत नाही त्याने तेवढी लांबी ओलांडून पुढच्या गाठोड्याकडे जावे, अडून बसू नये. लिपी न येणाऱ्यालाही रुमाल मोजता यावेत अशी ही सोय झाली.

मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ साली हीच रचना थोडा फेरफार करून उचलली आणि तिला रिफ असे नाव दिले. तिच्यातूनच आवाजाची 'वेव्ह' आणि १९९२ च्या नोव्हेंबरात चित्राची 'एव्हीआय' निघाली. ॲपलचे 'क्विकटाइम' त्याआधी वर्षभर, डिसेंबर १९९१ मध्ये आले होते. आजची एमपी४ ही त्याचीच लेक. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण नव्वद टक्के घोटाळा तिच्यात आहे. एव्हीआय ही लिपी नव्हे. एमपी४ हीदेखील लिपी नव्हे. ही गाठोडी आहेत. एकाच एव्हीआयच्या पोटात सिनेपॅक असू शकेल, इन्डिओ असू शकेल, आणखी दहा प्रकार असू शकतील. आणि चित्राची लिपी एक तर आवाजाची दुसरीच. म्हणूनच एक चालते अन् दुसरे बंद पडते. फायलीच्या नावाला टिंब देऊन जे शेपूट लावलेले असते ते फार तर गाठोड्याविषयी बोलते. लिपीविषयी बहुधा काहीच सांगत नाही.

आणि गाठोड्याविषयी तरी ते खरे बोलते का? १९९३ साली व्हिडिओ सीडी निघाली. आपल्याकडे लग्नाचे कितीतरी सोहळे या चकत्यांवर आहेत. चकती संगणकात घातली की आत जी फाइल दिसते तिचे शेपूट असते 'डॅट', म्हणजे नुसते 'माहिती'. दुकानदाराने डब्यावर 'जिन्नस' अशी चिठ्ठी लावावी तसे! ती विंडोजमध्ये उतरवून घेतली तर तिच्या तोंडाशी 'रिफ' ही चार अक्षरे आणि जरा पुढे 'सीडीएक्सए' ही दुसरी चार सापडतात. तेही नुसते वरचे फडके. ते सोडले की आत एमपेग-१ ची चित्रे निघतात आणि त्याच कुटुंबातला, एमपी३ हून वडील असा, दुसऱ्या थराचा आवाज. हे सगळे कळल्यावर ती चकती पूर्वीइतकी परकी राहात नाही.

चार अक्षरांवर सर्वांचा विश्वास बसल्यावर तोतये निघणार हे उघडच होते. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, मग येथे का निघू नये? मायक्रोसॉफ्टने एमपेग-४ ची आपली एक आवृत्ती काढली होती, तिची अक्षरे 'एमपी४३'. ती एव्हीआयमध्ये बांधू नये असा कंपनीने निर्बंध घातला होता. १९९९ च्या सुमारास जेरोम रोटा या फ्रेंच तरुणाने आणि त्याच्या सोबत्याने तो निर्बंध उखडला, अक्षरे बदलून 'डीआयव्ही३' केली आणि तिला 'डिव्हएक्स' हे नाव दिले. अमेरिकेत त्या नावाची भाड्याच्या चित्रपटांची एक योजना नुकतीच बुडाली होती, तिची ही टिंगल. लिपी तीच, सही निराळी. पुढे डिव्हएक्सचे रूप पालटले, तो धंदा झाला, आणि २००१ साली काही जणांनी फुटून आपली मोकळी लिपी काढली. तिचे नाव डिव्हएक्स उलटे वाचून 'एक्सव्हिड'. घरातल्या डीव्हीडी यंत्राला 'डिव्हएक्स' वाचता येई, पण 'एक्सव्हिड' ही अक्षरे पाहिली की ते तोंड फिरवी. मग लोक काय करीत? फायलीतील चार अक्षरे तेवढी पुसून 'डिव्हएक्स' लिहीत. आणि पुष्कळदा यंत्र निमूट चित्र दाखवू लागे! आतले काहीच बदललेले नसे.

आवाजाची गोष्ट याहून निराळी. जर्मनीत एरलांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी लिपी घडविली तिला एमपी३ हे शेपूट लावावयाचे असा निर्णय १४ जुलै १९९५ रोजी झाला. एमपी३ ला तोंडाशी चार अक्षरांची सहीच नाही. ती पोथी नव्हे, सुटी पाने आहेत. प्रत्येक पानाच्या सुरुवातीस अकरा एकके ओळीने येतात आणि त्यांपुढे पानाचा तपशील. परंतु अकरा एकके ओळीने योगायोगानेही येऊ शकतात. मग ओळखणारा काय करतो? त्या तपशिलावरून पान किती लांब असावे याचा हिशेब करतो, तेवढी उडी मारतो, आणि तेथे पुन्हा अकरा एकके आहेत का ते पाहतो. चार-पाच उड्या बरोबर पडल्या की खात्री झाली. दूरदर्शनच्या प्रसारणाच्या फायलीतही अशीच खूण आहे. तेथे दर १८८ बाइटांनी इंग्रजी 'जी' हे अक्षर येते. ठरावीक अंतरावर मैलाचा दगड लागला म्हणजे रस्ता ओळखीचा, तसेच हे.

या ओळखण्याला किती मोल असते ते आमच्या गावात मी पाहिले आहे. शाळेतील एका मुलीची आजी ओव्यांबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. २००९ साली घरातल्या लग्नात हळद दळताना ती जात्यावर बसली आणि कोणीतरी जवळच्या साध्या मोबाइलवर तिचा आवाज धरून ठेवला. पुढे आजी गेली. मुलीच्या काकांनी ती फाइल कार्डावरून उतरवून घेतली आणि गाण्याची फाइल म्हणजे एमपी३, अशा समजुतीने तिचे शेपूट बदलून टाकले. त्यानंतर ती कोठेच वाजेना. तालुक्याच्या एका दुकानात 'डेटा गेला' असे सांगून परत केली. घरच्यांनी आशा सोडली होती. मुलीने मात्र कार्ड शाळेत आणले. फाइल आम्ही साध्या मजकूर लिहिण्याच्या खिडकीत उघडली. सगळा गिचमिडा, पण अगदी पहिल्या ओळीत हॅशची खूण, उद्गारचिन्ह आणि तीन इंग्रजी अक्षरे स्वच्छ लिहिलेली होती: ए, एम, आर.

एएमआर ही मोबाइलवरच्या बोलण्याची लिपी, १९९९ साली ठरलेली. शेपूट पुन्हा 'एएमआर' केले, व्हीएलसीमध्ये फाइल उघडली आणि आजी गाऊ लागली. दोन मिनिटे चाळीस सेकंद. मुलगी काही बोलली नाही. वर्गातल्या इतर मुलीही गप्प झाल्या. ओवीचे शब्द न् शब्द कळत होते. जात्याची घरघर मात्र ओळखू येत नव्हती, तिच्या जागी कोणी गुळण्या करीत असल्यासारखा आवाज. याचेही कारण लिपीतच आहे. एएमआर आवाजाच्या लहरी लिहीत नाही. ती माणसाचा घसा लिहिते. सेकंदाचे पन्नास तुकडे करून प्रत्येक तुकड्यात घसा, जीभ, तोंडाची पोकळी यांची ठेवण कशी असावी याचा ती अंदाज बांधते आणि तेवढाच टिपून ठेवते. म्हणून तर मिनिटाला ९६ हजार बाइटांत सारे बसते. जात्याला घसा नाही; बिचारे त्या लिपीत मावावे कसे? घरच्यांनी दुसऱ्या दिवशी त्याची एमपी३ करून सर्वांना वाटली. वाटावयास हरकत नाही, पण मूळ फाइल जपून ठेवा, असे मी बजावले. एका लिपीतून दुसरीत उतरविताना दर खेपेस थोडेबहुत गळतेच. आज व्हॉट्सॲपवर जो बोललेला निरोप येतो तो एएमआरमध्ये नसतो. तो ऑपस या २०१२ च्या लिपीत असतो, 'ओजीजीएस' ही अक्षरे तोंडाशी असलेल्या गाठोड्यात. ऑपसला घसाही लिहिता येतो आणि वाद्यही. जाते तिच्यात बरे उतरले असते.

आम्ही जे डोळ्यांनी केले ते करणारी अवजारे फार दिवसांपासून आहेत. बेल प्रयोगशाळेतील युनिक्समध्ये १९७३ सालीच 'फाइल' नावाची आज्ञा होती. ती नावाकडे ढुंकूनही न पाहता आतले पहिले बाइट वाचून निकाल देत असे. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने २००० साली एफएफएमपेग सुरू केले. त्याची रीत आम्हा मास्तरांना आवडावी अशी आहे. नवी फाइल आली की ते आपल्याजवळच्या प्रत्येक गाठोड्याच्या जाणकाराला ती दाखविते आणि प्रत्येकाने १०० पैकी गुण द्यावयाचे. आतल्या मजकुरावरून पुरती ओळख पटली तर १००. नुसते शेपूट जुळले, तर ५० च. ज्याचे गुण जास्त त्याच्या हाती फाइल. नावाची किंमत निम्मी, यापेक्षा उदार परीक्षक होणे नाही!

पण ओळखणे आणि वाचणे यांत अंतर आहे. एखादी लिपी ओळखूनही ती वाचणारा उरलेला नसतो. नव्वदीच्या दशकातील कित्येक लिप्या कंपन्यांनी गुप्त ठेवल्या, आणि कंपन्या बुडाल्या. अशा लिप्या वाचणारी यंत्रणा पुढे एफएफएमपेगच्या मंडळींनी कोणाच्या मदतीवाचून, एकेक बाइट तपासून, उलगडून काढली. सोरेन्सनची तिसरी आवृत्ती अशीच उलगडली, तेव्हा ती एच.२६४ च्या एका कच्च्या खर्ड्याशी विलक्षण जुळती निघाली. एच.२६४ ही २००३ सालची, आणि आजही बहुतेक फोनांना वाचता येते ती हीच. तिच्यानंतर २०१३ साली एचईव्हीसी आली. तिला एमपी४ च्या गाठोड्यात दोन नावे आहेत, 'एचव्हीसी१' आणि 'एचईव्ही१'. लिपी एकच, काही तपशील कोठे ठेवावा एवढाच फरक. ॲपलच्या यंत्रांना पहिले नाव लागते. दुसरे असले तर तीच चित्रे ती दाखवीत नाहीत. तोतयांचे दिवस संपले असे कोणी समजू नये.

जुनी फिल्म या बाबतीत फार सरळ होती. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. २०२२ साली ते चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. अशा संग्रहात आलेल्या डब्यावरचे नाव पुसले गेले असले तरी फिल्म उजेडापुढे धरली की माणसे दिसतात. तिच्या कडेला 'सेफ्टी' किंवा 'नायट्रेट' असे छापलेले आढळते. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात आणि त्यांवरून ती कोणत्या साली तयार झाली याचा माग लागतो. संगणकातील फाइल कितीही उजेडापुढे धरा, काही दिसावयाचे नाही.

म्हणून जगातील अनेक संग्रहालयांनी आता आपल्या मूळ प्रतींसाठी मुद्दाम अशी लिपी निवडली आहे की, जिचे व्याकरण कोणालाही वाचावयास मिळते. मिखाएल नीडरमायर यांनी २००३ साली केलेली एफएफव्ही१ ही ती लिपी. ती चित्रातले काहीच टाकून देत नाही, त्यामुळे जागा पुष्कळ खाते. पण प्रत्येक चित्राच्या तुकड्याबरोबर ताळ्याचा आकडा लिहून ठेवते, म्हणजे पुढे एखादा बाइट बिघडला तर नेमका कोठे ते कळावे. २०२१ साली तिचे नियम रीतसर प्रसिद्ध झाले. ते लिहिणाऱ्या तिघांत जेरोम मार्टिनेझ हेही आहेत. फायलीची लिपी ओळखून सांगणारे 'मीडियाइन्फो' हे अवजार त्यांचेच. ही लिपी बांधतात ते गाठोडे म्हणजे २००२ सालचे मात्रोस्का, एकीच्या पोटात एक अशा रशियन बाहुल्यांवरून नाव घेतलेले. त्याचे नियम २०२४ च्या ऑक्टोबरात तसेच छापले गेले. अशी फाइल उघडली की पहिले चार बाइट लागतात ते १ए, ४५, डीएफ, ए३. ही गाठोड्याची सही. थोडे पुढे गेले की इंग्रजी अक्षरांत, साध्या डोळ्यांना वाचता येईल असे, लिपीचे नाव लिहिलेले असते: व्ही, खाली रेघ, एफएफव्ही१.